आतला पॅड, बाहेरचा पॅड : पुढचे ब्रेक घरी बदलल्याच्या नोंदी

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

आईने गाडी लावली आणि किल्ली हातात देतानाच म्हणाली, "अगं, पुढच्या डाव्या चाकातून चीं चीं येतंय. हळू चालवताना जास्त. ब्रेकवर पाय ठेवला की थांबतं." गाडी रोज तीच चालवते. तिने सांगितलेला आवाज आजवर कधी खोटा निघालेला नाही, म्हणून लगेच वीस मिनिटांची फेरी मारून आले. आवाज खराच होता.

ब्रेक दाबल्यावर सुरू होणारा आवाज आणि ब्रेक दाबल्यावर थांबणारा आवाज, या दोन निराळ्या तक्रारी आहेत. ब्रेक दाबला की चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला, म्हणजे धातूच्या तबकडीला, दोन्ही बाजूंनी आवळतात ते पॅड. पॅडच्या मागच्या लोखंडी प्लेटला एक छोटी वाकवलेली पोलादी पट्टी असते. लायनिंग, म्हणजे पॅडचा घासणारा थर, झिजून साधारण २ ते ३ मिमीवर आलं की ही पट्टी फिरत्या डिस्कला टेकते आणि किंचाळायला लागते. ब्रेक दाबला की पट्टीही घट्ट दाबली जाते, तिची थरथर थांबते आणि आवाज बसतो. म्हणजे ही पॅड संपल्याची सूचना होती. तसा अंदाज घेऊनच टॉर्च लावली आणि चाकाच्या फटीतून पॅड पाहिला, तर तो चांगला जाड दिसला. ६ मिमी तरी असावा. नवा पॅड १०-१२ मिमीचा असतो, त्या हिशेबाने अर्धं आयुष्य शिल्लक.

इथे मी थांबले असते तर चुकले असते. थांबले नाही त्याची दोन कारणं.

पहिलं, ब्रेक ऑइलच्या डब्यातली पातळी खालच्या रेघेला टेकली होती. कुठे गळती नाही, चाकांच्या आतल्या बाजू कोरड्या, डब्याखालचा भाग कोरडा. ऑइल गेलं कुठे? पॅड जेवढा झिजतो तेवढा त्याला ढकलणारा पिस्टन कायमचा बाहेर सरकतो आणि त्याच्यामागची जागा ऑइलने भरते. म्हणून डब्यातली पातळी हा पॅडच्या झिजेचा चोख हिशेब असतो. एवढी घसरलेली पातळी आणि ६ मिमीचा पॅड, या दोघांचं म्हणणं जुळत नव्हतं.

दुसरं, फेरीवरून आल्या आल्या लांबून तापमान मोजायच्या बंदुकीने दोन्ही डिस्क मोजल्या होत्या. डावी ९६ अंश सेल्सिअस, उजवी ६१. चकचकीत धातूवर हे यंत्र कमी आकडा दाखवतं, त्यामुळे आकडे अचूक धरत नाही, पण दोन सारख्या डिस्कमधला फरक खरा असतो. डावं चाक ब्रेक न लावताही घासत होतं.

ऑइल वरून भरलं नाही. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे गेला की पातळी आपोआप वर येते. आत्ता भरलं तर तेव्हा डबा ओसंडेल, आणि ब्रेक ऑइल गाडीच्या रंगाला खातं.

रविवार, २ नोव्हेंबर

फक्त बघायचं ठरवून डावं चाक काढलं.

क्रम लिहून ठेवते, कारण तो उलटा झाला की माणूस जायबंदी होतो. सपाट, कठीण जमीन. हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. चाक जमिनीवर असतानाच नट पाव वळसा सैल. मग जॅक, तोही पुस्तकात दाखवलेल्या जागीच. मग स्टँड. गाडी स्टँडवर उतरवून बोनेटला धरून हलवून पाहिली, आणि काढलेलं चाक आडवं करून खालच्या पट्टीखाली सरकवलं. स्टँड सरकलाच तर गाडी चाकावर बसेल, माझ्यावर नाही. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

डिस्कला मिठी मारून बसलेला, पॅड दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर. त्याच्या पाठीवर एक खिडकी असते. तिच्यातून टॉर्च आणि छोटा आरसा धरून दोन्ही पॅड एकदम दिसतात. बाहेरचा वरच्या टोकाला ७, खालच्या टोकाला ६ मिमी. आतला जेमतेम २.

आतला पॅड चाकाच्या फटीतून दिसतच नाही, आणि कारण त्यातच आहे. आमच्यासारख्या बहुतेक घरगुती गाड्यांना पुढे सरकता कॅलिपर असतो. पिस्टन एकच, तोही आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर ढकलतो. डिस्क हटत नाही, म्हणून उलट दिशेचा रेटा कॅलिपरच्या अख्ख्या अंगाला आत सरकवतो आणि त्याचा पंजा बाहेरच्या पॅडला ओढून डिस्कवर आणतो. एक पिस्टन दोन पॅडचं काम करतो तो या सरकण्याच्या जोरावर. कॅलिपर सरकतो दोन गाइड पिनांवर. पिन अडकली की आतला पॅड एकटाच राबतो, आणि दाब सुटल्यावर डिस्कपासून मोकळाही होत नाही. बाहेरचा मजेत जाड राहतो आणि बघणाऱ्याला फसवतो.

बाहेरच्या पॅडची एक बाजू ७ आणि दुसरी ६, म्हणजे तो वर कमी दाबला जात होता. संशय वरच्या पिनवर.

चाक परत बसवलं. गाडी आता जागेवरून हलणार नाही, आईला तसं सांगितलं. तिने "ठीक आहे" एवढंच म्हटलं आणि किल्ली खिळ्याला अडकवली.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सामान मागवलं. पॅड चॅसिस नंबर देऊन, कारण एकाच गाडीला वर्षागणिक दोन-तीन प्रकारचे कॅलिपर लागलेले असतात आणि पॅडचे कान, म्हणजे खाचेत बसणारी दोन टोकं, मिमीभरानेही वेगळे असले तर बसत नाहीत. पुढच्या दोन्ही चाकांचे चारही पॅड. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक दाबताना गाडी एकीकडे ओढू शकते.

पॅडसोबत त्यांच्या स्टीलच्या क्लिपा, गाइड पिनांचे रबरी बूट (पाणी-धूळ अडवणारी टोपणं) आणि बुश (पिनेच्या टोकावरची रबरी नळी) यांचा संच, ब्रेक क्लीनर, पिनांसाठी सिलिकॉन ग्रीस, पॅडच्या कानांसाठी उष्णता सोसणारं सिरॅमिक ग्रीस. ब्रेक ऑइल डॉट ४ या दर्जाचं, कारण डब्याच्या झाकणावर तेच लिहिलं आहे. जॅक, स्टँड आणि टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने आवळायचा पाना) घरात होतेच. जाडी मोजायचा मायक्रोमीटर मामांकडून आणला.

ग्रीसबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण नेमकं इथेच दुर्लक्ष होतं. ब्रेकमधलं रबर ब्रेक ऑइल सोसेल अशा जातीचं असतं, पण पेट्रोलियमपासून बनलेलं साधं ग्रीस त्याला सोसत नाही. रबर ते पितं, फुगतं आणि मऊ पडतं. पिनच्या टोकाला रबरी बुश असेल तर ते भोकात फुगून बसतं आणि ग्रीस लावलेली पिन ग्रीस न लावलेल्या पिनेपेक्षा घट्ट अडकते. बेअरिंगचं ग्रीस कितीही महागडं असलं तरी इथे चालत नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सगळं आलं. नवे पॅड जुन्यांच्या फोटोशी ताडून पाहिले. लायनिंग ११ मिमी. चारपैकी दोघांना आवाजाची पट्टी आहे, ते आतल्या बाजूचे. उद्या सकाळी सुरुवात.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळी ८:१०. दोन्ही पुढची चाकं काढून गाडी दोन स्टँडवर. काम मात्र एकावेळी एकाच बाजूचं. दुसरी बाजू जोडलेली राहिली की काही विसरलं तर पाहायला नमुना समोर असतो.

तोंडाला मास्क. ब्रेकची धूळ फुंकायची नाही, हवेच्या दाबाने उडवायची तर मुळीच नाही. जुन्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. आताच्यात नसलं तरी ही बारीक धूळ फुफ्फुसात जाऊ देण्यासारखी नाही. क्लीनर मारून ओली करायची आणि फडक्याने पुसून घ्यायची.

८:४०. कॅलिपरच्या खालच्या पिनचा १४ चा बोल्ट सहज सुटला. पिन फिरू नये म्हणून तिच्या चपट्या भागावर १७ चा पाना धरावा लागतो, नाहीतर बूट पिळून फाटतं. बहुतेक गाड्यांत खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वरच्या पिनवर दार उघडावं तसा वर उचलतो. आमचा उचलेना. वरचाही बोल्ट काढला, तेव्हा कॅलिपर हातात आला. तो लगेच तारेच्या हुकाने स्प्रिंगला टांगला. कॅलिपर त्याच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवणं वाईट. नळीला बाहेरून काही दिसत नाही, आत मात्र थर सुटू शकतात.

पॅड काढून व्हर्निअरने मोजले. आतला २.०, बाहेरचा मध्यावर ६.५. आतल्या पॅडच्या पट्टीचं टोक डिस्कवर घासून आरशासारखं झालं होतं.

९:१५. खालची पिन बोटाने ओढली तशी बाहेर आली, चमकदार, ग्रीससकट. वरची हलेना. चिमट्याने धरून पिळत पिळत काढायला पाऊण तास गेला. मध्ये दोनदा वाटलं की तोडावी लागेल. भोकाच्या तोंडाशी गंज सुटवायचा फवारा मारला, दहा मिनिटं थांबले, मग ओढण्याचा नाद सोडून नुसतं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे फिरवत राहिले. ओढलं की पिन चावते, फिरवलं की सुटते.

बाहेर आली तेव्हा सगळं स्पष्ट झालं. बूट एका जागी चिरलेलं. तिथून पाणी आत जाऊन पिनेच्या मधल्या भागावर गंजाची तपकिरी पट्टी. टोकाचं रबरी बुश फुगून पिनेपेक्षा जाड झालेलं, आणि त्याच्याभोवती काळं, चिकट, बेअरिंगला लावतात तसलं ग्रीस. कधीतरी कुणीतरी चांगल्या हेतूनेच ते लावलं असणार. पण मला या पिनेचा मनापासून राग आला. या गाडीत आई एकटी बसून रोज रस्त्यावर जाते.

पॅड तेवढे बदलून मी चाक लावलं असतं तर? आवाज गेला असता, ब्रेक नवे वाटले असते, आणि काही महिन्यांनी आतला पॅड पुन्हा २ मिमीवर आला असता. त्याही वेळी फटीतून बाहेरचा पॅड जाडच दिसला असता.

१०:३०. पिन बारीक पॉलिश पेपरने घासली. गंज वरवरचा होता, खड्डे नव्हते. खड्डे असते तर पिन बदलावीच लागली असती. भोक बाटली धुवायच्या बारीक ब्रशने आणि क्लीनरने तीन वेळा साफ केलं, शेवटच्या फडक्यावर काळा डाग येईनासा होईपर्यंत. नवं बुश, नवं बूट, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. जास्त ग्रीसही नको, भोकाच्या तळाशी ते कोंडलं तर पिन पूर्ण आत बसत नाही. आता पिन बोटाने ढकलली की आत जाते आणि सोडली की बुटात कोंडलेल्या हवेमुळे किंचित बाहेर येते. अशीच हवी.

११:१५. डिस्क. तिच्या मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते, आमच्या डिस्कवर २० मिमी. नवी २२ ची. झिजलेल्या डिस्कच्या काठावर न झिजलेली कड उरते आणि साधं व्हर्निअर त्या कडेवर बसून खोटी जाडी सांगतं, म्हणून मायक्रोमीटर. आठ ठिकाणी मोजली : २१.०, फरक ०.०१ च्या आत. खोल चर नाहीत, भेगा नाहीत. ठेवली. ब्रेक दाबताना पेडल थरथरतं तेव्हा लोक "डिस्क वाकडी झाली" म्हणतात. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी जागोजागी वेगळी झालेली असते. तेव्हा मोजायची ती जाडीच.

१२:००. पिस्टन मागे ढकलणं. हाच खरा निर्णयाचा क्षण, कारण पिस्टनही अडकलेला असता तर अख्खा कॅलिपर उघडावा लागला असता. डब्याचं झाकण सैल केलं, जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून सी-क्लँप लावला आणि अगदी हळू आवळला. पिस्टन एकसारखा, न अडखळता आत गेला. त्याच्या भोवतीचं धुळीचं रबर अखंड, आतून ओल नाही. जीव भांड्यात पडला.

पिस्टनभोवती आत एक चौकोनी काटछेदाची रबरी रिंग असते. ती गळती थांबवते हे तिचं अर्धंच काम. ब्रेक दाबला की पिस्टनसोबत ती थोडी वळते, आणि पाय उचलला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. डिस्क ब्रेकला परतीची स्प्रिंग नाही, ती ही रिंगच. पॅड झिजला की पिस्टन रिंगमधून थोडा पुढे घसरतो आणि नव्या जागेवरून पुन्हा तेवढाच मागे येतो. म्हणून डिस्क ब्रेक कधी ॲडजस्ट करावे लागत नाहीत. एवढीशी रबराची कडी दिवसातून शंभरदा हे करते, वर्षानुवर्षं, याचं मला फार कौतुक वाटतं.

डब्यात पातळी वर आली. हिशेब करून पाहिला. पिस्टनचा व्यास ५४ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २३ चौरस सेंमी. डावा पिस्टन १३.५ मिमी मागे गेला, म्हणजे ३१ मिलि. उजवी बाजू झाली की एकूण ६० च्या आसपास जाईल. पातळी घसरली होती ती इथे.

१:३०. पॅड ज्याच्या खाचेत बसतात त्या ब्रॅकेटवरच्या जुन्या क्लिपा काढून खालचा गंज तारेच्या ब्रशने उडवला, नव्या क्लिपा बसवल्या. पॅडच्या कानांना आणि प्लेटच्या पाठीला, जिथे पिस्टन आणि पंजा टेकतात तिथे, सिरॅमिक ग्रीसचा पुसट थर. लायनिंगला बोटही लावलं नाही. पट्टीचा पॅड आत. कॅलिपर बसवला, पिनांचे बोल्ट २७ न्यूटन-मीटरला आवळले. हा आकडा आमच्या गाडीच्या पुस्तकातला. दुसऱ्या गाडीवर तो लावू नये.

डिस्क हाताने फिरवली. हलकी सळसळ, पण मोकळी. डावी बाजू झाली. उजेड भरपूर होता, पण हात थकले होते आणि थकलेल्या हातांनी ब्रेक जोडायचे नाहीत असं ठरवलेलं आहे. उजवी उद्या.

रविवार, ९ नोव्हेंबर

उजवी बाजू दीड तासात. दोन्ही पिना मोकळ्या. जुने पॅड आत ४.५, बाहेर ५.०. निरोगी कॅलिपरचे पॅड असे झिजतात, जवळजवळ बरोबरीने, आतला किंचित जास्त. डिस्क २१.२. तरीही बूट आणि बुश इकडचेही बदलले.

एका ठिकाणी अडले. नवा बाहेरचा पॅड ब्रॅकेटमध्ये जाईना. धाकटा भाऊ शेजारी बसला होता, म्हणाला, "ताई, कान थोडे कानशीने घासू का?" कानस हातात घेतलीही होती मी. मग डावीकडचा पॅड आठवला, तो बोटाने सरकला होता आणि पॅड तर एकाच खोक्यातले. मग दोष पॅडचा कसा असेल? क्लिप काढली. खाली गंजाचं पोपडं राहून गेलं होतं, क्लिप त्याच्यावर उचलली गेली होती आणि खाच अरुंद झाली होती. पोपडं खरवडलं, पॅड बसला. पॅड घासून बसवला असता तर गंज वाढल्यावर तो पुन्हा जाम झाला असता.

मग पेडल. पिस्टन मागे ढकलल्यावर पहिल्यांदा ब्रेक दाबला की पेडल सरळ जमिनीला टेकतं, कारण पिस्टनला पॅडपर्यंत पोचायचं असतं. गाडी जागची हलवण्याआधी पेडल कडक झालंच पाहिजे. हे विसरून कुणी गाडी मागे घेतली तर समोर ब्रेकच नाहीत. भावाला आत बसवलं.

"ताई, पेडल थेट खाली जातंय गं."

"जाणारच. सोड, परत दाब. पूर्ण खाली आपटू नकोस, अर्ध्यापर्यंत."

आठव्या दाबाला पेडल वर आलं आणि कडक राहिलं. इंजिन सुरू करून पुन्हा तपासलं. इंजिन सुरू होताना ते किंचित खाली बसतं आणि तिथेच थांबतं, तसंच झालं. ऑइलची पातळी वरच्या रेघेच्या जरा खाली. चाकं लावली, नट हाताने आटे धरून, मग समोरासमोरचे जोडीने, गाडी जमिनीवर आल्यावर १०० न्यूटन-मीटर.

सोमवार, १० नोव्हेंबर

पहाटे साडेपाचला मोकळ्या रस्त्यावर नवे पॅड डिस्कवर रुळवायला गेले. पहिले दोन-तीन थांबे पायी चालण्याच्या वेगात, ब्रेक लागतात याची खात्री करण्यापुरते. मग ताशी ५० वरून १५ पर्यंत, मध्यम दाबाने, दहा वेळा. दोन दाबांच्या मध्ये अर्धा-पाऊण किलोमीटर गाडी तशीच चालू ठेवायची, म्हणजे डिस्क वाऱ्यावर निवते. पूर्ण थांबायचं नाही.

का ते सांगते. नवा पॅड डिस्कवर आपल्या पदार्थाचा अगदी पातळ थर चढवतो, आणि पुढचं बरंचसं घर्षण पॅड आणि त्या थरामध्ये होतं. थर एकसारखा चढला तर ब्रेक गुळगुळीत लागतो. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं तर त्याच जागी जाड ठसा उमटतो, आणि पुढे पेडल थरथरायला लागतं.

सहाव्या-सातव्या वेळी करपल्यासारखा वास आला. नव्या पॅडमधलं राळेचं बंधन तापून पहिल्यांदा वायू सोडतं त्याचा तो वास, अपेक्षितच. दहा झाल्यावर पाच किलोमीटर शांतपणे चालवून घरी आले आणि उतरताच बंदूक लावली. डावी ११८, उजवी ११२. पहिल्या दिवशीचा ३५ अंशांचा फरक सहावर आला. या सगळ्या कामात मला सर्वांत हवा असलेला आकडा हाच होता.

येताना मनात हिशेब चालू होता. माणसांसकट ११०० किलोची गाडी ताशी ६० वरून थांबवायची तर दीड लाख ज्यूलच्या वर ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. थांबताना वजन पुढे झुकतं, म्हणून त्यातला ६०-७० टक्के भार पुढचे दोन ब्रेक घेतात. पाच किलोची एक डिस्क धरली तर एका थांब्यात ती वीसेक अंशांनी तापते. एका थांब्याचं काहीच नाही. पण लांब उतारावर दर वळणाला ब्रेक दाबत आलं की हे वीस-वीस साठत जातात. अशा वेळी खालचा गिअर टाकून इंजिनला गाडी धरू द्यायची, हे आईला आणि भावाला दोघांनाही पुन्हा सांगितलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

१०० किमी झाले. चाकांचे नट पुन्हा रेंचने तपासले, एक नट किंचित फिरला. आई म्हणाली, "सकाळी पहिल्या वळणावर जरा खरखर होते, मग नाही." रात्रीच्या दवाने डिस्कवर गंजाचा पुसट पापुद्रा येतो, पहिल्या दोन-तीन ब्रेकमध्ये तो पुसला जातो. याची काळजी नाही. तरी तिने सांगितलं म्हणून चाकामागे टॉर्च लावून पाहिलं. सगळं कोरडं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

ब्रेक ऑइल बदललं. आधीचं दोन वर्षांपेक्षा जुनं, रंग काळपट चहासारखा.

हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, नळ्यांच्या रबरातूनसुद्धा. ताजं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल पायाखाली मऊ होऊन बसतं. डावा ब्रेक इतके दिवस जास्त तापत होता, म्हणजे तिथलं ऑइल आणखी भाजलेलं असणार.

पद्धत जुनीच. चाकामागच्या, ऑइल सोडायच्या निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडवलेलं. भाऊ पेडलवर. मी "दाब" म्हणते, तो दाबून "दाबलं" म्हणतो, मी १० चा पाना पाव वळसा सोडते, ऑइल येतं, बंद करते, "सोड". निपल बंद व्हायच्या आत पाय उचलला तर हवा आत ओढली जाते, म्हणून दोघांनी बोलायचंच, खुणा करायच्या नाहीत. डब्यातली पातळी दर पाच दाबांनंतर पाहिली. चाकांचा क्रम आमच्या पुस्तकात आहे तसा. चौथ्या चाकाला स्वच्छ सोनेरी ऑइल आलं तेव्हा बाटली काळ्याने अर्धी भरली होती.

एक थेंब पुढच्या मडगार्डवर पडला. लगेच भरपूर पाण्याने धुतला, रंग वाचला. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, पुसण्यापेक्षा धुणं चांगलं. जुनं ऑइल झाकण लावून, वर नाव लिहून बाजूला ठेवलं आहे. वापरलेलं ऑइल घेतात तिथे द्यायचं, गटारात ओतायचं नाही.

पेडल आता आधीपेक्षा वर आणि कडक.

शनिवार, १४ मार्च २०२६

४,००० किमी झाले. दोन्ही पुढची चाकं काढून पॅड मोजले.

डावा : आतला १०.४, बाहेरचा १०.५.
उजवा : आतला १०.४, बाहेरचा १०.५.

बाहेरच्या पॅडची दोन्ही टोकं सारखी. जुन्या उजव्या पॅडचं ४५,००० किमीत सहा-साडेसहा मिमी लायनिंग गेलं होतं, चार हजाराला अर्ध्या मिमीपेक्षा थोडं जास्त. आता डावाही त्याच चालीने झिजतो आहे.

डाव्या कॅलिपरचे दोन्ही बोल्ट सोडून वरची पिन तपासली. बूट अखंड, आत कोरडं, ग्रीस अजून पांढरं. बोटाने ढकलली, आत गेली. सोडली, किंचित बाहेर आली. बोल्ट परत २७ ला, नट १०० ला, पेडल दाबून कडक करून घेतलं, आणि किल्ली आईला दिली.